लाल ताऱ्यापाशी अडलेली माणसं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा उभा जन्म शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नोंदी करण्यात गेला. कुणाचं नाव कसं लिहायचं, कुठला रकाना कोरा ठेवायचा, हे त्यांनी रोज ठरवलं. म्हणून ‘वेब फॉर्ममधले काही रकाने तपासायचे आणि काही सोडायचे, हे सर्व्हरवर कसं ठरवावं’ हा विषय त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर मांडताना मला परकं वाटत नाही. वरवर पाहता हा प्रोग्रामर मंडळींच्या आपसातला विषय आहे. पण कोणता रकाना कुणाला सक्तीचा, हे ठरवणं म्हणजे कारभार करणं. पूर्वी ते काम कचेरीतला कारकून समोरच्या माणसाकडे बघून करायचा. आज ते कोडमधली एक ओळ करते, आणि त्या ओळीला समोरचा माणूस दिसत नाही. या ओळीबद्दल चार लोकांत बोललं गेलं पाहिजे, एवढ्यासाठी मी उभा आहे.

सुरुवात १ जूनपासून करतो. या सभागृहात साठी ओलांडलेली जी मंडळी आहेत, त्यांतल्या कितीजणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, ते त्यांचं त्यांना ठाऊक. महाराष्ट्रात घरोघरी अशी माणसं आहेत. आई सांगायची, ‘पोरगं सुगीत झालं’ किंवा ‘मोठ्या पावसात झालं’. रजिस्टरात तारखेचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पोराचं नाव दाखल होत नव्हतं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजींनी वयाचा अंदाज घेतला, वर्षं वजा केली आणि १ जून लिहून पोराला वर्गात बसवलं. गुरुजींचं काही चुकलं नाही, पोर शिकलं. पण रकाना सक्तीचा केला की खरी माहिती मिळतेच असं नाही, हे त्या रजिस्टरांनी आपल्याला केव्हाच सांगून ठेवलंय. माहिती नसली की माणूस काहीतरी भरतो. आजच्या भाषेत सांगायचं तर मोबाइल नंबरच्या जागी दहा वेळा नऊ, पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत एक टिंब आणि ईमेलच्या जागी सेवा केंद्राच्या चालकाचा स्वतःचा ईमेल.

आधारची नोंदणी सुरू झाली तेव्हा मात्र एक शहाणपणाची सोय ठेवली होती. ज्याच्याकडे तारखेचा पुरावा नाही, त्याचं फक्त जन्मवर्ष नोंदवायचं. अशा कितीतरी कार्डांवर पूर्ण तारखेऐवजी नुसतं वर्ष छापलेलं आहे. जेवढं माहीत, तेवढंच लिहिलं. घोळ पुढं झाला. तेच कार्ड घेऊन आजोबा दुसऱ्या पोर्टलवर गेले, तर तिथं दिवस, महिना, वर्ष तिन्ही हवेत आणि सक्तीची खूण असलेला लाल तारा तिन्हींवर. मग केंद्रचालक १ जानेवारी टाकतो, ती तारीख आधारशी जुळत नाही आणि फॉर्म परत येतो. एका यंत्रणेनं पाळलेला प्रामाणिकपणा दुसऱ्या यंत्रणेनं असा मोडून टाकला.

आता थोडं यंत्राच्या आत जाऊ. फॉर्म दोन ठिकाणी तपासला जातो. एक तपासणी तुमच्या ब्राउझरमध्ये होते. रकाना रिकामा राहिला की चौकट लाल होते, ती ही. ती सोयीसाठी असते. नेट हळू असताना एवढ्यातेवढ्या चुकीसाठी सर्व्हरपर्यंत हेलपाटा पडू नये, इतकाच तिचा उपयोग. तिच्यावर विसंबून राहता येत नाही, कारण ब्राउझर वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो. कॉलेजातलं दुसऱ्या वर्षाचं पोरगंसुद्धा ती सक्ती अर्ध्या मिनिटात काढून टाकतं. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवर, म्हणजे ज्याच्या ताब्यात नोंदी आहेत त्याच्या दारात व्हायला हवी.

तिथं तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की माणसं अडतात. पहिली गोष्ट घडणीची. आधार क्रमांक बारा अंकी असतो आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. ही पद्धत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडली. कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक हमखास पकडली जाते. बँकेचा आयएफएससी अकरा अक्षरी असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर शून्यच असतं. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं. या तपासण्या बिनधास्त कराव्यात. रकाना भरलाच असेल, तर तो नीट भरलेला असला पाहिजे, याला कुणाचीच ना नाही.

दुसरी गोष्ट, रकाना भरलेला हवाच का? याचं उत्तर माणसागणिक बदलतं. तिसरी, एका रकान्याचा दुसऱ्याशी मेळ बसतो का? खातं क्रमांक आणि आयएफएससी ही जोडी आहे. जन्मतारीख आणि वयाची अट ही जोडी आहे. पहिल्या प्रकारचे नियम सगळ्यांना सारखे लावता येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे नियम डोळे मिटून लावले, की ज्यांच्यासाठी योजना काढली तीच माणसं बाहेर राहतात.

याचं अगदी अलीकडचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या शासन निर्णयानं आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वय २१ ते ६५, महिन्याला १५०० रुपये. पात्र कोण, हे योजनेत नावानिशी सांगितलं होतं: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली एक अविवाहित महिला. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधी बाईनं स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाइलवर ओटीपी यायचा. त्यानंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. हेतू समजण्यासारखा होता. उत्पन्न कुटुंबाचं बघायचं तर कुटुंबातल्या कमावत्या माणसाची ओळख पटायला हवी. पण ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही गेले, तिनं त्या रकान्यात काय टाकायचं? योजनेच्या निर्णयात तिला स्वतंत्र शब्द होता, फॉर्मवर तिला जागा नव्हती.

परित्यक्तेचं दुखणं त्याहून अवघड. तिचा नवरा हयात असतो, त्याला आधार क्रमांक असतो, मोबाइलही असतो. ज्यानं घराबाहेर काढलं त्याच्याकडेच ओटीपी मागायची पाळी तिच्यावर आली. सेवा केंद्राच्या बाकावर बसलेल्या अशा बाईला ‘पतीचा ओटीपी सांगा’ असं म्हणताना केंद्रचालकाचीही जीभ अडखळते.

सरकारनं दुरुस्ती केली, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी वाट काढली. पण ही वाट निघायला जवळजवळ मूळची सगळी मुदत गेली. परित्यक्तेकडे यातला एकही कागद नसतो.

हे मी कोल्हापुरात बोलतोय, म्हणून हेरवाडचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शिरोळ तालुक्यातल्या या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हे ज्या जिल्ह्यात घडलं, त्याच जिल्ह्यात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर बाईची किंमत ठरू नये, यासाठी एका गावानं ग्रामसभेत हात वर केले. त्यानंतर तीन वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर बाई पुन्हा नवऱ्याच्याच रकान्यापाशी अडली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. ‘विधवा’ हा शब्द निर्णयातून कोडमध्ये उतरायचा राहून गेला.

तो का राहतो, हे बघायला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये प्रोग्रामर एक क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, लिहितो, त्यात एकेक रकाना आणि त्यावर त्याचे नियम. फॉर्म आला की यंत्रणा सगळे नियम सगळ्या रकान्यांवर चालवते आणि हो किंवा नाही असा एकच निकाल देते. नव्या आवृत्त्यांत तर रकाना रिकामा चालेल असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर फ्रेमवर्क तो आपणहून सक्तीचा धरतं. म्हणजे सक्ती करण्याचा विचार कुणीच केलेला नसतो, तरी सक्ती होते. सुरक्षेच्या दृष्टीनं या सावधपणाचं मी समर्थनच करतो. मात्र त्याचा अर्थ असा, की सूट द्यायची तर ती कुणीतरी आठवणीनं लिहावी लागते. आणि आठवण राहते आपल्यासारख्या माणसांची. पुण्यातल्या एखाद्या ऑफिसात बसलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाला आई-वडील असतात, आधार असतं, स्मार्टफोन असतो. फॉर्म तपासताना तो स्वतःचीच माहिती टाकून बघतो आणि फॉर्म सरळ पुढं जातो.

मग गावाकडून तक्रारी येतात, वरून फोन येतो आणि रातोरात दुरुस्ती होते. या घाईच्या दुरुस्त्यांची मला जास्त धास्ती वाटते. पहिली दुरुस्ती म्हणजे सक्ती सरसकट काढून टाकायची. विधवा बाई सुटली, पण ज्याचं उत्पन्न लपवायचंय तोही सुटला. दुसरी, तपासणी होऊ द्यायची आणि तिनं काढलेली ‘हा रकाना चुकला’ ही तक्रार यादीतून पुसून टाकायची. डॉट नेटमध्ये हे एका ओळीत होतं, म्हणून ते सर्रास केलं जातं. त्यानं रिकामा रकाना चालून जातो आणि त्याच झटक्यात अकरा अंकी चुकीचा आधार क्रमांकही चालून जातो. सक्ती नको होती, घडणीची तपासणी हवी होती, आणि दोन्ही गेल्या. तिसरी दुरुस्ती सगळ्यांत घातक. फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवायचा, त्यात ब्राउझरच सांगणार की हे तपासू नका, आणि सर्व्हर मुकाट ऐकणार. म्हणजे चौकीदारानं येणाऱ्यालाच विचारायचं, तुझी झडती घेऊ का?

सरळ मार्ग आहे आणि तो जुनाच आहे. पडद्यावर जे प्रश्न विचारले, तेवढ्याचाच एक छोटा क्लास करायचा आणि त्याचेच नियम चालवायचे. अट असेल तर ती नियमातच लिहायची. लॅराव्हेल नावाच्या फ्रेमवर्कमध्ये ‘अमुक उत्तर असेल तरच सक्तीचा’ असा तयार नियम मिळतो. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये कुठल्या प्रसंगी कुठला नियम लागू, हे सांगता येतं. जावामध्ये २००९ पासून नियमांचे गट पाडायची सोय आहे. साधनं भरपूर आहेत. अट कुठल्या माहितीवर अवलंबून ठेवायची, हा खरा प्रश्न. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीसाठी प्रोफाइल भरताना आधी ‘वडील हयात आहेत का’ असं विचारतात, हे मला फार बरं वाटतं. एक साधा प्रश्न आधी विचारला, की पुढचे रकाने कुणाला लागू हे ठरतं. आणि जिथं उत्तर सरकारच्या नोंदीतच आहे, तिथं ते नोंदीतून घ्यावं. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्याच रजिस्टरात असते. तिचा दाखला आणायला त्याच बाईला पाठवायचं कारण काय?

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. रिकामा रकाना तीन कारणांनी रिकामा असतो: विचारलंच नाही, विचारलं पण दिलं नाही, किंवा लागूच नाही. डेटाबेसमध्ये तिन्ही सारखेच कोरे साठवले, तर पाच वर्षांनी छाननी करणारा अधिकारी विधवेला आणि माहिती दडवणाऱ्याला एकाच यादीत टाकेल. ‘लागू नाही’ हे स्वतंत्र उत्तर म्हणून साठवलं पाहिजे, कारणासकट.

आता एकच नोंद जवळून बघू. समजा, एका पतसंस्थेच्या पोर्टलवर एका सभासद मावशींना फक्त मोबाइल नंबर बदलायचा आहे. पडद्यावर एकच रकाना आहे. त्या नवा नंबर टाकतात, बटण दाबतात आणि उत्तर येतं, ‘माहिती अवैध’. नंबर पुन्हा टाकतात. पुन्हा तेच. नंबर बरोबर असतो. झालेलं असं असतं, की सर्व्हरनं जुनी अख्खी नोंद उचलली, त्यात नवा नंबर घातला आणि आजचे सगळे नियम सगळ्या रकान्यांवर चालवले. २०१६ साली नोंदवलेलं त्यांचं बँक खातं सिंडिकेट बँकेतलं. ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि जुने आयएफएससी पुढं बंद झाले. मावशी ज्या रकान्यापाशी अडल्या, तो त्यांच्यासमोर नाहीच.

इथं फक्त बदललेला रकाना तपासावा, हे उघड आहे. जुन्या आयएफएससीवर खूण करून ठेवावी आणि पुढच्या वेळी पैसे जमा करण्याआधी तो मागून घ्यावा. नंबर बदलायला तो आड येता कामा नये. मात्र उद्या मावशींनी खातं क्रमांक बदलला, तर आयएफएससी तपासावाच लागेल, कारण ती जोडी आहे. तेव्हा ‘काही रकाने’ म्हणजे नुसते हात लागलेले रकाने नव्हेत. हात लागलेले आणि त्यांच्याशी बांधलेले, दोन्ही. ही बांधणी कोण कुणाशी, हे प्रोग्रामरला आपोआप कळणार नाही. ते पतसंस्थेच्या मॅनेजरला माहीत असतं. त्या दोघांनी एका टेबलावर बसून हे लिहून काढलं पाहिजे.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती सोडली तर मी आज अर्धवट बोललो असं होईल. काही रकाने तपासायचे सोडले, तर ते साठवायचेही सोडले पाहिजेत. मार्च २०१२ मध्ये जगभरचे प्रोग्रामर आपलं कोड जिथं ठेवतात, त्या गिटहबवर येगोर होमाकोव्ह या रशियन तरुणानं हे दाखवून दिलं. स्वतःची सुरक्षा-किल्ली नोंदवायचा फॉर्म भरताना त्यानं फॉर्मवर नसलेला एक रकाना आपल्या विनंतीत घुसडला. किल्ली कुणाच्या खात्यावर, हे सांगणारा तो रकाना. सर्व्हरनं तो तपासला नाही, पण साठवला. होमाकोव्हची किल्ली रेल्सच्या खात्याला लागली आणि त्यानं रेल्सच्या मूळ कोडमध्ये स्वतःची नोंद करून दाखवली. गिटहब स्वतः रेल्सवरच उभं होतं. पुढं २०१३ मध्ये रेल्सची चौथी आवृत्ती आली, तेव्हा कोणते रकाने स्वीकारायचे याची यादी प्रोग्रामरनं आधी द्यावी अशी शिस्त त्यात मुळातच घातली गेली. आपल्याकडच्या भाषेत, अर्जदारानं फॉर्ममध्ये नसलेला ‘पात्र: होय’ असा रकाना पाठवला, तर सर्व्हरनं तो बघूही नये.

अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवण्याबद्दल मी थोडक्यात सांगतो. वीज जाते, ओटीपी उशिरा येतो, उताऱ्याची झेरॉक्स घरी राहते. ‘जतन करा’ दाबल्यावर फक्त भरलेल्या रकान्यांची घडण तपासावी. सक्ती आणि मेळ ‘सादर करा’ दाबल्यावर तपासावा. हे दोन बटणांचे दोन नियम आहेत. दोन्हींना एकच तपासणी लावल्यामुळं लोकांना सकाळी भरलेलं दुपारी पुन्हा भरावं लागतं, रोजगार बुडवून.

इथं बसलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्यातले बरेचजण दोन-चार वर्षांत असे फॉर्म लिहाल. काम हातात आल्यावर शासन निर्णय मागून घ्या आणि पात्रतेचा परिच्छेद स्वतः वाचा. त्यात जितक्या प्रकारची माणसं लिहिली आहेत, तितक्या चाचण्या लिहा. विधवेची एक, परित्यक्तेची एक, नुसतं जन्मवर्ष असलेल्या आजोबांची एक, महापुरात कागद भिजून गेलेल्या कुटुंबाची एक. २०१९ आणि २०२१ नंतर हे शेवटचं उदाहरण तुम्हाला शोधायला लांब जावं लागणार नाही. यातली एकही चाचणी अडली, तर फॉर्म लोकांसाठी खुला करायचा नाही, असं कंत्राटातच लिहिलेलं असावं. ते लिहून घेणं आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांचं आणि लोकप्रतिनिधींचं काम आहे.

आणि सेवा केंद्रं चालवणाऱ्यांना एक सांगतो. माणूस कुठल्या रकान्यापाशी अडतो, हे जिल्ह्यात सगळ्यांत आधी तुम्हाला कळतं. एक वही ठेवा. तारीख, योजना, रकाना आणि अडण्याचं कारण, एवढंच लिहा. नाव लिहायची गरज नाही. महिन्याच्या शेवटी ती पानं तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या.